बीपी कमी असताना बीपीची गोळी कशासाठी?

हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची ताकद कमी पडू लागलेल्या, रुग्णांचे नातेवाईक जे प्रश्न विचारतात, त्यांतला सर्वांत रास्त प्रश्न मला हा वाटतो : ‘डॉक्टर, बाबांचं बीपी तर शंभर-सत्तरच आहे, मग बीपीच्या तीन-तीन गोळ्या कशाला?’ टूडी इकोच्या कागदावर पंपिंग तीस टक्के (म्हणजे दर ठोक्याला हृदयाच्या कप्प्यातले तीस टक्केच रक्त बाहेर पडते) असे लिहिलेले असते, पायांवर सूज असते, आणि औषधांच्या यादीत रामिप्रिल किंवा व्हल्सार्टन, मेटोप्रोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल, शिवाय स्पायरोनोलॅक्टोन अशी नावे असतात. औषधाच्या दुकानात विचारले तर दुकानदार या बीपीच्या गोळ्या आहेत असे सांगतो, आणि त्यात खोटे काही नाही. यांतली बहुतेक औषधे उच्च रक्तदाबासाठीही दिली जातात आणि लोकांना ती त्याच नावाने माहीत आहेत. त्यामुळे घरच्या यंत्रावर आकडा शंभराच्या खाली दिसला की घरचे लोक काळजीपोटी गोळी थांबवतात.

या विषयावर सविस्तर लिहावे असे फार दिवस मनात होते, कारण ओपीडीच्या गर्दीत या प्रश्नाचे पुरते उत्तर देता येत नाही. थोडक्यात उत्तर असे, की हार्ट फेल्युअरमध्ये या गोळ्यांचे मुख्य काम रक्तदाब उतरवणे हे नसतेच. हृदयाला जाणाऱ्या मज्जातंतूंचा जो अखंड मारा हृदयावर सुरू झालेला असतो, त्यापासून त्याला वाचवणे हे त्यांचे काम असते, आणि ते काम बीपीच्या यंत्रावर दिसत नाही.

एका निवृत्त शिक्षकांची मुलगी वडिलांच्या बीपीची वही घेऊन आली होती. दोनशे पानी वहीत पट्टीने रकाने आखलेले होते. सकाळ, संध्याकाळ, वरचा आकडा, खालचा आकडा, नाडीचे ठोके. शंभराच्या खालच्या प्रत्येक आकड्याभोवती लाल शाईचे वर्तुळ होते आणि त्याच्या पुढे नेटक्या अक्षरात ‘गोळी दिली नाही’ असे लिहिले होते. त्याच पानांवर नाडीचा रकाना खालपर्यंत वाचत गेले, तर ठोके सत्तरवरून शंभराकडे चढत गेलेले दिसत होते. पण त्या आकड्यांभोवती वर्तुळ नव्हते, कारण नाडीकडे लक्ष ठेवा असे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. वडिलांच्या नडगीवर अंगठा दाबून उचलला तेव्हा खळगा पडून तसाच राहिला. रात्री दोनऐवजी तीन उशा लागतात, हेही मग बोलण्यात आले. इतक्या निगुतीने सेवा करणाऱ्या माणसाला दोष द्यावा असे त्यात काहीच नव्हते. त्या गोळ्या कशासाठी आहेत ते आम्ही डॉक्टरांनी सांगायला हवे होते.

हृदय स्वतःच्या लयीत धडधडत असले तरी त्याचा वेग आणि जोर ठरवणारे मज्जातंतू बाहेरून येतात. मेंदूतून उतरणारी व्हेगस ही नस हृदयाला संथ करते, तर मणक्याच्या दोन्ही बाजूंनी असलेल्या साखळीतून निघणारे अनुकंपी, म्हणजे सिंपथेटिक, तंतू त्याला वेग देतात. या अनुकंपी तंतूंच्या टोकांशी सूक्ष्म पिशव्यांमध्ये नॉरअ‍ॅड्रिनालिन हे रसायन साठवलेले असते. मज्जातंतूतून संदेश आला की ते बाहेर पडते, हृदयाच्या पेशीवरच्या बीटा रिसेप्टरला, म्हणजे हे रसायन ओळखणाऱ्या जागेला, जाऊन चिकटते, पेशी जोराने आकुंचन पावते, आणि मग बाहेर पडलेले बहुतांश नॉरअ‍ॅड्रिनालिन त्याच मज्जातंतूकडून परत आत ओढले जाऊन पुन्हा साठवले जाते. अनुकंपी मज्जातंतूंचे रसायन नॉरअ‍ॅड्रिनालिन हेच आहे, हे स्वीडनचे उल्फ फॉन ऑयलर यांनी १९४६ मध्ये दाखवले, आणि ते परत ओढून घेण्याची क्रिया अमेरिकेच्या ज्युलियस अ‍ॅक्सलरॉड यांनी उलगडली. या दोघांना बर्नार्ड काट्झ यांच्यासह १९७० चे नोबेल पारितोषिक मिळाले. ही परत ओढण्याची क्रिया ध्यानात ठेवावी, कारण पुढची सगळी कथा तिच्याभोवती फिरते.

हृदयाचे पंपिंग कमी झाले की मानेतल्या आणि महाधमनीतल्या दाबमापक तंतूंकडून मेंदूला दाब घसरत असल्याची खबर जाते. रक्तस्राव झाला तरी हीच खबर जाते, आणि मेंदूला या दोन परिस्थितींतला फरक कळत नाही. तो अनुकंपी तंतूंना जोर लावायला सांगतो, मूत्रपिंडातून रेनिन हे द्रव्य सुटते, त्याच्यामुळे रक्तात अँजिओटेन्सिन हे दुसरे द्रव्य तयार होते, रक्तवाहिन्या आकसतात, मीठ आणि पाणी शरीरात धरून ठेवले जाते. जखमी माणसाला काही तास जगवण्यासाठी ही व्यवस्था उत्तम आहे, परंतु हार्ट फेल्युअरमध्ये ती महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे चालू राहते. थकलेल्या बैलाला पराणी टोचत राहिले तर तो काही पावले भराभर टाकतो, पण त्याने त्याचा थकवा जात नाही. हृदयाचेही तसेच होते. सततच्या नॉरअ‍ॅड्रिनालिनमुळे पेशींत कॅल्शियम साचते, पेशी मरतात, त्यांच्या जागी तंतुमय ऊती येते, हृदय पसरत जाते आणि घातक अनियमित ठोक्यांची शक्यता वाढते.

या विषयाच्या इतिहासात एक धागा थेट मुंबईला येऊन पोहोचतो, आणि तो आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही याचे मला वाईट वाटते. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबावर होणारा परिणाम रुग्णांमध्ये पद्धतशीर तपासून त्याचा निबंध १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला. त्याआधी १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी या मुळीबद्दल लिहिले होते, पण जगभरच्या डॉक्टरांचे लक्ष वेधले ते वकिलांच्या निबंधाने, आणि १९५७ मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीतील शास्त्रज्ञांनी या मुळीतून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे केले. रेसर्पिन मज्जातंतूच्या टोकाशी असलेल्या पिशव्यांमध्ये नॉरअ‍ॅड्रिनालिन भरू देत नाही. साठा रिकामा होतो आणि त्यामुळे रक्तदाब उतरतो.

पुढे १९६३ मध्ये अमेरिकेतील बेथेस्डा येथील नॅशनल हार्ट इन्स्टिट्यूटमध्ये चार्ल्स चिडसी, यूजीन ब्राउनवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी मिळालेल्या हृदयस्नायूच्या तुकड्यांतील नॉरअ‍ॅड्रिनालिन मोजले. रेसर्पिन घेतलेल्या रुग्णांत ते घटलेले सापडावे, यात नवल नव्हते. परंतु हार्ट फेल्युअरच्या रुग्णांतही, रेसर्पिनचा एक कणही न घेता, हृदयातला साठा तसाच खालावलेला होता. दुसरीकडे याच गटाने या रुग्णांच्या रक्तात आणि लघवीत नॉरअ‍ॅड्रिनालिन वाढलेले असते हेही दाखवले होते. वरवर पाहता या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात जातात, आणि साठा संपलेला आहे म्हणजे हृदयाला बाहेरून आणखी उत्तेजन द्यायला हवे असा अर्थ त्या काळी काढला गेला. आज त्याचा उलगडा असा होतो की मज्जातंतू अविरत संदेश पाठवत असल्यामुळे रसायन बाहेर पडत राहते, परत ओढण्याची क्रिया मात्र मंदावलेली असते. त्यामुळे पिशव्या रित्या होतात आणि पेशीभोवती पूर आलेला असतो. त्या पुरापासून बचाव करण्यासाठी पेशी आपले बीटा रिसेप्टर कमी करते. मायकेल ब्रिस्टो यांनी १९८२ मध्ये निकामी झालेल्या मानवी हृदयांत हे रिसेप्टर जवळजवळ निम्म्यावर आलेले असतात असे दाखवले.

जे कोह्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये हार्ट फेल्युअरच्या १०६ रुग्णांच्या रक्तातले नॉरअ‍ॅड्रिनालिन मोजून त्यांचे पुढे काय झाले ते पाहिले, तेव्हा ज्यांच्या रक्तात ते जास्त होते ते रुग्ण कमी जगले, असे स्पष्ट झाले. मात्र हाताच्या शिरेतून काढलेल्या रक्तावरून हृदयातल्या मज्जातंतूंचे नेमके काय चालले आहे ते कळत नाही, कारण रक्तातले नॉरअ‍ॅड्रिनालिन स्नायू, मूत्रपिंड, आतडी अशा सगळीकडून आलेले असते.

हृदयापुरते पाहण्याची एक सोय झाली ती एमआयबीजी नावाच्या रेणूमुळे, आणि त्यातही रक्तदाबाच्या एका जुन्या औषधाचा हात आहे. ग्वानेथिडिन हे औषध एके काळी तीव्र रक्तदाबासाठी वापरले जात असे. ते नॉरअ‍ॅड्रिनालिनच्याच दाराने अनुकंपी मज्जातंतूच्या आत शिरते. त्याच्याशी नाते असलेला आणि आयोडिन जोडलेला हा रेणू मिशिगन विद्यापीठात तयार झाला. त्याला आयोडिन-१२३ हे किरणोत्सारी रूप जोडले, की ज्या मज्जातंतूंत तो शिरतो ते कॅमेऱ्याला दिसू लागतात. या आयोडिनचे अर्धायुष्य सुमारे १३ तास असते. तपासणीपूर्वी थायरॉइडला इजा होऊ नये म्हणून साधे आयोडिन पाजले जाते, मग शिरेतून औषध देऊन सुमारे १५ मिनिटांनी एक आणि ४ तासांनी दुसरे चित्र घेतले जाते.

त्या चित्रात काय दिसते ते सांगायला हवे. हे काही अँजिओग्राफीसारखे देखणे चित्र नसते. छातीची करडी, कणीदार छाया, उजवीकडे खाली यकृताचा गडद ठिपका, आणि निरोगी माणसात डावीकडे हृदयाचा ठळक आकार. तंत्रज्ञ हृदयाभोवती एक रेषा आखतो आणि छातीच्या मध्यभागी वरच्या बाजूला एक छोटा चौकोन. दोन्हींतल्या किरणोत्साराचे गुणोत्तर काढले की हृदयाने तो रेणू किती धरून ठेवला ते कळते. पहिल्या आणि दुसऱ्या चित्राच्या दरम्यान त्यातला किती निसटून गेला, हा दुसरा आकडा. हार्ट फेल्युअरच्या रुग्णात चार तासांनंतरच्या चित्रात हृदयाची जागा फुफ्फुसाच्या छायेत जवळजवळ विरघळून गेलेली असू शकते. हृदय जागच्या जागी आहे, धडधडत आहे, रक्तपुरवठाही कदाचित ठीक आहे, पण त्याचे मज्जातंतू रसायन धरून ठेवू शकत नाहीत. नव्याने प्रत्यारोपण केलेल्या हृदयातही असेच रिकामे चित्र मिळते, कारण त्याचे मज्जातंतू शस्त्रक्रियेत कापलेलेच असतात.

या गुणोत्तराला अर्थ आहे हे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अ‍ॅडमायर-एचएफ या अभ्यासाने ९६१ रुग्णांत दाखवले. निरोगी व्यक्तींच्या मोजमापांवरून १.६० ही सीमा ठरवली होती. ज्यांचे गुणोत्तर तिच्याहून कमी होते, त्यांच्यातल्या ३७ टक्के रुग्णांना दोन वर्षांत आजार बळावणे, घातक अनियमित ठोके किंवा हृदयविकाराने मृत्यू यांपैकी काही ना काही झाले. ज्यांचे जास्त होते त्यांच्यात हे प्रमाण १५ टक्के होते. मधुमेहात आणि पार्किन्सनच्या आजारातही हृदयाचे हे मज्जातंतू बिघडतात, त्यामुळे हा आकडा वाचताना सोबतचे आजार विसरून चालत नाही.

आता औषधांकडे येऊ. रामिप्रिल, एनालाप्रिल यांसारख्या गोळ्या, म्हणजे एसीई इनहिबिटर, अँजिओटेन्सिन तयार होऊ देत नाहीत. व्हल्सार्टन, कँडेसार्टन, टेल्मिसार्टन या गोळ्या अँजिओटेन्सिनला त्याच्या रिसेप्टरवर बसू देत नाहीत. अँजिओटेन्सिन रक्तवाहिन्या आकसवते एवढेच बहुतेकांना ठाऊक असते. परंतु अनुकंपी मज्जातंतूच्या टोकाशीच त्याचे रिसेप्टर असतात, आणि तिथे अँजिओटेन्सिन बसले की दर संदेशागणिक जास्त नॉरअ‍ॅड्रिनालिन बाहेर पडते. मेंदूत ज्या मोजक्या जागी रक्तातली द्रव्ये सहज शिरू शकतात, तिथूनही ते अनुकंपी संस्थेचा जोर वाढवते. म्हणजे ही गोळी रक्तवाहिनी सैल करते तेव्हाच मज्जातंतूच्या टोकाशी असलेला नळही थोडा आवळते.

जपानमध्ये एमआयबीजी तपासणी बरीच रुळलेली असल्यामुळे हे प्रत्यक्ष तपासून पाहणे तिथल्या संशोधकांना शक्य झाले. गुन्मा विद्यापीठातील शु कासामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एसीई इनहिबिटर चालू असलेल्या रुग्णांत व्हल्सार्टनची भर घातली, तेव्हा हृदयाने रेणू धरून ठेवण्याचे प्रमाण वाढले, निसटण्याचे घटले आणि पंपिंगही सुधारले. कँडेसार्टन आणि स्पायरोनोलॅक्टोन यांच्या बाबतीतही या गटाला असाच कल दिसला. हे अभ्यास लहान आहेत, आणि चित्र सुधारले म्हणून रुग्ण अधिक जगलाच असा निष्कर्ष त्यांतून काढता येत नाही. तरीही गोळी कुठे काम करते हे दाखवण्याच्या दृष्टीने मला ते मोलाचे वाटतात. रुग्णाच्या आयुष्याबद्दलचा पुरावा मोठ्या अभ्यासांतून आला. १९८७ च्या कन्सेन्सस अभ्यासात आजाराच्या शेवटच्या टप्प्यातले २५३ रुग्ण होते. सहा महिन्यांत एनालाप्रिल न मिळालेल्यांपैकी ४४ टक्के आणि मिळालेल्यांपैकी २६ टक्के दगावले. व्हॅल-हेफ्ट या ५,०१० रुग्णांच्या अभ्यासात काळाबरोबर रक्तातले नॉरअ‍ॅड्रिनालिन वाढत गेले, पण व्हल्सार्टन घेणाऱ्यांत ही वाढ कमी होती. मात्र त्याच अभ्यासाने एक सावधगिरीही शिकवली : एसीई इनहिबिटर, बीटा ब्लॉकर (मेटोप्रोलॉल, कार्व्हेडिलॉल यांच्या जातीची गोळी) आणि व्हल्सार्टन ही तिन्ही एकत्र घेणाऱ्यांचे भले झाले नाही. आज एसीई इनहिबिटर आणि सार्टन एकत्र देण्याची पद्धत नाही. रामिप्रिलवरून सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टनच्या गोळीवर जाताना मध्ये ३६ तासांचे अंतर ठेवावेच लागते, पण ते वेगळ्या कारणासाठी : दोन्ही एकत्र आल्यास चेहरा आणि घसा सुजण्याचा धोका असतो.

बीटा ब्लॉकरची गोष्ट याहून धाडसाची आहे. निकामी हृदयाला उत्तेजनाची गरज आहे असे सगळे वैद्यकशास्त्र मानत असताना, स्वीडनमधील गोटेबर्ग येथे फिन वागस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये सात रुग्णांना नेमके उलटे, हृदयाला संथ करणारे औषध दिले आणि त्यांची प्रकृती सुधारल्याचे लिहिले. हे मान्य व्हायला जवळपास पाव शतक लागले. १९९९ मध्ये बिसोप्रोलॉलच्या सिबिस-२ आणि मेटोप्रोलॉल सक्सिनेटच्या मेरिट-एचएफ या दोन्ही अभ्यासांत मृत्यूंचे प्रमाण ३४ टक्क्यांनी घटले. बीटा ब्लॉकर मज्जातंतूला थांबवत नाही. तो पेशीवरच्या रिसेप्टरवर आधी जाऊन बसतो, त्यामुळे पूर बाहेर असला तरी पेशीच्या आत शिरत नाही. काही महिन्यांनी पंपिंग वाढले, हृदय आकाराने आटोपशीर झाले, की मेंदूला जाणारी धोक्याची खबरही कमी होते आणि मज्जातंतू आपोआप शांत होतात. बीटा ब्लॉकरच्या उपचारानंतर एमआयबीजीची चित्रे सुधारतात ती म्हणूनच. हे व्हायला महिने लागतात, आणि पहिल्या काही आठवड्यांत थकवा वाढल्यासारखा वाटू शकतो. त्यामुळेच कार्व्हेडिलॉल ३.१२५ मिलिग्रॅम इतक्या कमी मात्रेने सुरू करून साधारण दर दोन आठवड्यांनी दुप्पट करत नेतात.

या जागी पाकिटावरचे पूर्ण नाव वाचण्याची सवय उपयोगी पडते. अटेनोलॉलही बीटा ब्लॉकर आहे, स्वस्त आहे, घरोघरी आहे. पण हार्ट फेल्युअरमध्ये आयुष्य वाढवणारे औषध म्हणून ते सिद्ध झालेले नाही. मेटोप्रोलॉल टार्ट्रेट आणि मेटोप्रोलॉल सक्सिनेट ही एकच गोळी नव्हे. २००३ च्या कॉमेट अभ्यासात ३,०२९ रुग्णांत मेटोप्रोलॉल टार्ट्रेट घेणाऱ्यांपैकी ४० टक्के, तर कार्व्हेडिलॉल घेणाऱ्यांपैकी ३४ टक्के रुग्ण दगावले. ‘तीच आहे, फक्त कंपनी वेगळी’ असे म्हणून दिलेली स्ट्रिप घेताना हा शब्द तपासावा.

रक्तदाब उतरवणारे प्रत्येक औषध हृदयाच्या मज्जातंतूंना शांत करत असते तर हा लेख लिहिण्याचे कारणच नव्हते. लवकर विरघळणारे निफेडिपिन दाब झपाट्याने खाली आणते, आणि दाब झपाट्याने उतरला की दाबमापक तंतू ओरडतात, अनुकंपी संस्था उसळते, ठोके वाढतात. म्हणजे आकडा सुधारतो आणि हृदयावरचा मारा वाढतो. प्राझोसिन हे रक्तवाहिन्या सैल करणारे औषध १९८६ च्या व्ही-हेफ्ट अभ्यासात हार्ट फेल्युअरच्या रुग्णांचे आयुष्य वाढवू शकले नाही. त्याच जातीच्या डॉक्साझोसिनचा गट रक्तदाबाच्या ऑलहॅट अभ्यासातून २००० मध्ये बंद करावा लागला, कारण त्या रुग्णांत हार्ट फेल्युअरचे प्रमाण तुलनेच्या गटापेक्षा सुमारे दुप्पट निघाले. डिल्टियाझेम आणि व्हेरापामिल ठोके कमी करत असले तरी हृदयाच्या स्नायूचा जोरही कमी करतात, म्हणून पंपिंग घसरलेल्या रुग्णात ती टाळतात. अम्लोडिपिनने अपाय होत नाही, पण या आजारात फायदाही होत नाही. लघवीची गोळी सूज आणि धाप यांसाठी अत्यावश्यक आहे, परंतु तीही रेनिनला चाळवते, आणि म्हणून तिच्या एकटीवर रुग्णाला ठेवणे मला कधीच पटत नाही.

मग मज्जातंतू थेट मेंदूतूनच बंद का करू नयेत? हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला होता, आणि त्याचे उत्तर फार महागात पडले. मॉक्सोनिडिन हे औषध मेंदूतील केंद्रावर काम करून अनुकंपी संस्थेचा जोर उतरवते आणि काही देशांत रक्तदाबासाठी वापरले जाते. हार्ट फेल्युअरच्या रुग्णांत त्याने रक्तातले नॉरअ‍ॅड्रिनालिन अपेक्षेप्रमाणे चांगलेच उतरवले. पण मॉक्सकॉन या १,९३४ रुग्णांच्या अभ्यासात औषध घेणाऱ्यांपैकी ५४ आणि न घेणाऱ्यांपैकी ३२ रुग्ण दगावले, आणि अभ्यास मध्येच थांबवावा लागला. माझ्या मते या सगळ्या विषयातला हा सर्वांत महत्त्वाचा निकाल आहे. निकामी हृदय त्या मज्जातंतूंच्या आधारावरही उभे असते. तो आधार एकदम काढून घेतला तर ते कोसळते. बीटा ब्लॉकर तो आधार हळूहळू, मात्रा वाढवत, आणि संपूर्ण नव्हे तर काही अंशी कमी करतो. अँजिओटेन्सिन रोखणारी गोळीही आधार तोडत नाही. रक्तातला आकडा किती उतरला यावरून औषध चांगले की वाईट ते ठरत नाही, मग तो आकडा नॉरअ‍ॅड्रिनालिनचा असो की रक्तदाबाचा.

कमी रक्तदाबाच्या भीतीबद्दल कोपर्निकस या अभ्यासात फार दिलासा देणारी माहिती आहे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पंपिंग २५ टक्क्यांच्या खाली असलेले २,२८९ रुग्ण होते आणि वरचा दाब ८५ असला तरी त्यांना प्रवेश होता. कार्व्हेडिलॉलने एकूण मृत्यू ३५ टक्क्यांनी घटले. पुढे ज्यांचा दाब सुरुवातीला ८५ ते ९५ च्या दरम्यान होता त्यांचा वेगळा विचार केला गेला. सर्वाधिक धोका त्यांनाच होता, औषधाचा फायदा त्यांनाही झाला, आणि उपचार चालू राहिल्यावर त्यांचा दाब खाली न जाता वर सरकला. बीपीच्या गोळीने बीपी वाढले हे ऐकायला विचित्र वाटेल, पण पंपिंग सुधारले की पुढे ढकलले जाणारे रक्त वाढते, आणि दाब त्यातूनच तयार होतो.

याचा अर्थ चक्कर आली तरी गोळी रेटत राहावी असा मुळीच नाही. मी घरच्यांना सांगते ते असे : आकडा कमी आहे पण माणूस चालतो-बोलतो आहे, उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत नाही, लघवी नेहमीसारखी होते आहे, तर गोळी चालू ठेवून फोन करा. उठताना तोल जात असेल, माणूस ग्लानीत असेल, लघवी घटली असेल किंवा नाडी पन्नासच्या खाली गेली असेल, तर त्याच दिवशी दाखवा. पुष्कळदा अशा वेळी लघवीच्या गोळीची मात्रा जास्त झालेली असते आणि ती कमी केली की बाकीच्या गोळ्या निभावतात. सगळ्या गोळ्या सकाळी एकदम न घेता काही रात्रीवर नेल्या तरी दुपारची चक्कर जाते. जुलाब-उलट्या होत असतील तेव्हा मात्र लघवीची गोळी, अँजिओटेन्सिनवरची गोळी आणि स्पायरोनोलॅक्टोन या तिन्हींबद्दल डॉक्टरांना विचारलेच पाहिजे, कारण मूत्रपिंड आणि पोटॅशियम या दोन्हींना अशा वेळी धोका असतो. एरवीही क्रिएटिनिन आणि पोटॅशियमची तपासणी ठरल्या वेळी करावी लागते. बीटा ब्लॉकर मनाने एकदम बंद करणे हे सर्वांत वाईट, कारण गोळी चालू असताना हृदयाच्या पेशींवरचे रिसेप्टर पुन्हा वाढलेले असू शकतात, आणि उघड्या पडलेल्या त्या रिसेप्टरवर नॉरअ‍ॅड्रिनालिन सगळ्या बाजूंनी तुटून पडते.

वहीत नाडीचा रकाना असेल तर त्याच्याकडे बीपीइतकेच लक्ष द्यावे, आणि त्याच्या शेजारी सकाळी लघवी झाल्यावर घेतलेल्या वजनाचा आणखी एक रकाना आखावा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढले तर ती चरबी नसते, साचलेले पाणी असते.

शेवटची एक गोष्ट दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या गोळ्यांबद्दल. सर्दीच्या पुष्कळशा गोळ्यांत फिनाइलएफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन असते. नाक मोकळे करण्यासाठी ही द्रव्ये याच अनुकंपी मज्जातंतूंची नक्कल करतात किंवा त्यांच्यातून नॉरअ‍ॅड्रिनालिन बाहेर काढतात. गुडघेदुखीवर घेतलेले डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन मीठ-पाणी धरून ठेवते आणि मूत्रपिंडावर ताण आणते. पंपिंग कमी असलेल्या माणसासाठी सर्दीची किंवा दुखण्याची गोळी आणताना सगळ्या चालू औषधांची यादी खिशात ठेवावी आणि दुकानदाराला गोळी मागण्याआधी ती दाखवावी.